आकडा नॉर्मल आला, म्हणजे काय? यकृताच्या रक्ततपासणीची शंभर-सव्वाशे वर्षं



आज सुरुवातीला दोन कागदांबद्दल सांगतो. दोन्ही आम्ही स्वतः पाहिलेले आहेत. नावं सांगणार नाही, माणसांचीही नाही आणि कंपन्यांचीही नाही. दोन्ही कागद चाकण पट्ट्यातल्या आरोग्य शिबिरांचे. आपल्याकडे ही शिबिरं कशी होतात, हे इथे बसलेल्या अनेकांना माहीत आहे. गेटजवळ मांडव, एका टेबलावर वजन-उंची, दुसऱ्यावर रक्तदाब, तिसऱ्यावर रक्त काढणारी मुलगी, आणि शेवटी ‘फिट’ किंवा ‘अनफिट’चा शिक्का.

पहिला कागद माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या एका कंत्राटी कामगाराचा. एसजीओटी ९६, एसजीपीटी ५८. शेरा: ‘लिव्हर खराब, अनफिट’. तीन दिवस सलग डबल ड्यूटी करून हा माणूस शिबिरात आला होता. आठवडाभर विश्रांती घेऊन त्याने पुन्हा तपासणी केली, तर दोन्ही आकडे चाळिशीच्या आत. तोवर त्याच्या जागी दुसरा माणूस लागला होता.

दुसरा कागद पेंट शॉपमधल्या एका तरुणाचा. एसजीपीटी २८. शेरा: ‘लिव्हर नॉर्मल, फिट’. वर्षभराने त्याची बायको गरोदर राहिली. दवाखान्यात नाव नोंदवताना तिच्या रक्तात हिपॅटायटिस बी सापडला. मग याचीही तपासणी झाली, आणि याच्याही रक्तात तो विषाणू निघाला. कुणाकडून कुणाला गेला, ते आता सांगता येत नाही, आणि विचारून उपयोगही नाही. पण ‘नॉर्मल’चा कागद घेऊन हा मुलगा वर्षभर निर्धास्त होता.

म्हणजे ज्याचं यकृत धड होतं त्याला आकड्याने घरी बसवलं, आणि ज्याच्या रक्तात विषाणू होता त्याला आकड्याने पास केलं. मशीन चुकलं होतं का? नाही. दोन्ही आकडे बरोबर होते. चूक झाली ती ते वाचण्यात. हा आकडा आला कुठून, तो नेमकं काय मोजतो, आणि त्याला न्यायाधीशाची खुर्ची कुणी दिली, हा आपला आजचा विषय.

डोळ्यांनी बघण्याचा काळ

आकडा येण्याआधी यकृताचा आजार ओळखायचा एकच मार्ग होता: डोळे. रोग्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा, लघवी गडद, तोंडाला चव नाही. आयुर्वेदात याला कामला म्हणतात, आपण घरात कावीळ म्हणतो. कावीळ म्हटलं की आपल्या गावांत आजही काय काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. कुणी गळ्यात माळ घालतो आणि ती माळ दिवसागणिक लांब होत जाते. कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो आणि पाणी पिवळं होतं. हळद बंद, तेल बंद, उसाचा रस चालू.

यावर हसणं सोपं आहे. पण या उपचारांना पिढ्यानपिढ्या यश का मिळालं, ते बघा. दूषित पाण्यातून होणाऱ्या बहुतेक काविळी काही आठवड्यांत आपल्या आपण उतरतात. माळ लांब होते आणि कावीळ उतरते, ही दोन्ही कामं शेजारी शेजारी चालू असतात. श्रेय माळेला जातं. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे एसजीपीटीचा आकडा असाच आपोआप उतरताना दिसणार आहे, आणि तिथे श्रेय ‘लिव्हर टॉनिक’ला जाणार आहे.

आता जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात जाऊ. तिथली गोष्ट आपल्याला परकी वाटणार नाही, कारण ती कारखान्यातली आहे. १८८३ मध्ये तिथल्या जहाजबांधणी कारखान्यातल्या १,२८९ कामगारांना देवीची लस टोचली गेली. त्या काळी लस माणसाच्याच फोडातल्या द्रवापासून बनवलेली असे. पुढच्या काही महिन्यांत त्यांतल्या १९१ जणांना कावीळ झाली. लुरमान नावाच्या डॉक्टरने नोंदी नीट तपासल्या. ज्यांना त्या साठ्यातली लस मिळाली नव्हती, त्यांच्यात कावीळ नव्हती. तेच पाणी, तेच जेवण, तीच हवा. फरक फक्त सुईचा. त्याने १८८५ मध्ये हे छापलं. रक्तातून पसरणाऱ्या काविळीची ही पहिली नीट नोंद मानली जाते.

पण लुरमानकडे मोजायला काय होतं? फक्त पिवळे डोळे. ज्यांना विषाणू लागला पण डोळे पिवळे झाले नाहीत, असे कितीजण होते, ते त्याला कळायची सोयच नव्हती. हिपॅटायटिसचा सगळा इतिहास म्हणजे त्या न दिसलेल्या माणसांचा शोध आहे, असं म्हटलं तरी चालेल.

रंगाला आकड्यात बसवण्याचं काम हॉलंडच्या व्हॅन डेन बर्ग यांनी १९१० च्या दशकात केलं. रक्तातला पिवळा पदार्थ म्हणजे बिलिरुबिन. तो किती आहे, आणि यकृतातून प्रक्रिया होऊन आला की त्याआधीचाच आहे, हे त्यांच्या रासायनिक चाचणीतून कळू लागलं. आजच्या रिपोर्टवर ‘डायरेक्ट’ आणि ‘इनडायरेक्ट’ हे दोन शब्द असतात ना, ते तिथून आलेले. पण बिलिरुबिन वाढायला यकृत बरंच दुखावलेलं असावं लागतं, नाहीतर पित्ताची वाट अडलेली किंवा तांबड्या पेशी फुटत असलेल्या असाव्या लागतात. लहानसहान जखम त्यातून दिसत नाही.

हृदयासाठी शोधलेली चाचणी यकृताकडे कशी आली

१९३७ मध्ये मॉस्कोत ब्राउनश्टाइन आणि क्रिट्समान या दोघांनी शरीरातली एक मूलभूत क्रिया दाखवली. अमिनो आम्लावरचा नायट्रोजनवाला गट उचलून दुसऱ्या रेणूवर ठेवायचा. हे काम करणारी एन्झाइम्स म्हणजे ट्रान्सअमायनेज. ती पेशीच्या आत असतात, रक्तात जवळपास नसतात. तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं, की ही आजार ओळखायला उपयोगी पडतील.

१९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लाड्यू, व्रोब्लेव्हस्की आणि कारमेन या तिघांनी दाखवलं, की हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाच्या रक्तात यातलं एक एन्झाइम वाढतं. हृदयाच्या पेशी मेल्या की आतला माल बाहेर सांडतो आणि रक्तात सापडतो. हे एन्झाइम म्हणजे एसजीओटी. पुढे लक्षात आलं, की यकृत दुखावलं तरी ते वाढतं. नेपल्समध्ये दे रितिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच सुमारास हे विषाणूजन्य काविळीत दाखवलं. मग त्याचं भावंडं एसजीपीटी पुढे आलं. ते प्रामुख्याने यकृतात असतं, म्हणून यकृतासाठी जास्त भरवशाचं. दोन्हींच्या गुणोत्तराला आजही दे रितिस गुणोत्तर म्हणतात.

इथे एक शब्द सुधारून घेऊ. आपण याला ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ म्हणतो, म्हणजे यकृताच्या कामाची चाचणी. एसजीपीटी यकृताचं काम मोजतच नाही. यकृत किती काम करतंय, ते अल्ब्युमिनवरून आणि रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेवरून कळतं. एसजीपीटी सांगतो की पेशी फुटत आहेत, गळत आहेत. पिंपात पाणी किती आहे ते तो सांगत नाही; पिंप गळतंय, एवढंच सांगतो. आणि पिंपात पाणी उरलंच नसेल, तर गळणार तरी काय? यकृत वाळून गाठाळ झालेल्या, सिरोसिसच्या कित्येक रोग्यांचा एसजीपीटी म्हणूनच चाळिशीच्या आत असतो.

शोध लागला, पण मोजायचं कसं? कारमेनच्या पद्धतीला अतिनील किरण मोजणारं महागडं उपकरण लागे. १९५७ मध्ये राइटमन आणि फ्रँकेल यांनी सोपी पद्धत काढली. रक्तातला द्रव, त्यात कच्चा माल, ३७ अंशांच्या पाण्यात ठेवायचं, एसजीपीटीसाठी अर्धा तास आणि एसजीओटीसाठी एक तास. मग रसायन घालायचं, तपकिरी रंग येतो, आणि साध्या रंगमापकावर तो वाचायचा. या पद्धतीने ही चाचणी मोठ्या संशोधन संस्थेतून तालुक्याच्या लॅबमध्ये आणली. आज मशीन बदललं, पद्धत पुन्हा अतिनील किरणांची झाली, पण नाव तेच राहिलं. जगाने ते एएलटी आणि एएसटी असं बदलून घेतलं. आपल्याकडे रिपोर्टवर अजून एसजीपीटी आणि एसजीओटीच दिसतं.

त्याच वर्षांत आपल्याकडे

आता या वर्षांशेजारी आपली वर्षं ठेवून बघू. १९५२: पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झालं, पुढे १९७८ मध्ये त्याचं नाव राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झालं. आपण तिला एनआयव्ही म्हणतो. १९५४: पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. १९५५ पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. औद्योगिक पट्टा नंतर आला. पिंपरीची देशाला पहिली ओळख झाली ती औषधाच्या कारखान्याने. न्यूयॉर्कमध्ये ट्रान्सअमायनेज मोजलं जात होतं, तेव्हा पिंपरीत बुरशीच्या टाक्या लागत होत्या.

आणि त्याच १९५५ च्या शेवटी दिल्लीत मोठी साथ आली. यमुनेचं पात्र सरकलं, नजफगडच्या नाल्याचं सांडपाणी पाणीपुरवठ्याच्या उपशापर्यंत पोचलं. जलशुद्धीकरणवाल्यांनी क्लोरीन वाढवलं. त्यामुळे टायफॉइडसारखे जिवाणूंचे आजार फारसे वाढले नाहीत. पण डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या काळात काविळीचे सुमारे २९,३०० रुग्ण झाले. गरोदर स्त्रियांमध्ये आजार जास्त जीवघेणा ठरला.

पाण्यातून पसरली म्हणजे ही ‘ए’ प्रकारची कावीळ, असं पुढची पंचवीस वर्षं जवळपास सगळ्यांनी धरून चालवलं. पण त्या साथीतल्या रुग्णांच्या रक्ताचे काही नमुने जपून ठेवलेले होते. १९८० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक निबंध आला. लेखक होते अमेरिकेचे वाँग आणि पर्सेल, आणि पुण्याच्या एनआयव्हीतले श्रीनिवासन, प्रसाद आणि खोर्शेद पावरी. दिल्लीचे ते जुने नमुने, शिवाय अहमदाबाद आणि पुण्याच्या रुग्णांचे नमुने तपासून त्यांनी दाखवलं, की हा ‘ए’ही नाही आणि ‘बी’ही नाही. त्याच वर्षी काश्मीरमधून डॉ. खुरू यांनी स्वतंत्रपणे तसंच मांडलं. पुढे हा हिपॅटायटिस ‘ई’ म्हणून ओळखला गेला. १९८३ मध्ये रशियाच्या बलायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन आजार ओढवून घेतला आणि स्वतःच्या विष्ठेत तो विषाणू पाहिला.

यातून आपल्या आकड्याबद्दल काय कळतं? ‘ए’मध्ये एसजीपीटी हजारांत जातो, ‘ई’मध्येही जातो, नव्या ‘बी’मध्येही जातो. आकडा ओरडून सांगतो की मारामारी चालू आहे. मारणारा कोण, ते तो सांगत नाही. ते कळायला पंचवीस वर्षं जपलेलं रक्त आणि नव्या चाचण्या लागल्या.

शांत किल्ला

आता दीर्घकाळ राहणाऱ्या विषाणूंकडे येऊ. १९६५ मध्ये ब्लमबर्ग यांनी ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात सापडलेल्या प्रथिनाबद्दल लिहिलं. ते कसलं आहे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. १९६६ मध्ये त्यांच्याकडच्या एका रुग्णाची या प्रथिनाची चाचणी, जी आधी निगेटिव्ह होती, ती पॉझिटिव्ह आली. मधल्या काळात काय बदललं म्हणून तपासलं, तर ट्रान्सअमायनेज वाढलेलं होतं. डोळे पिवळे नव्हते. म्हणजे लुरमानला जी माणसं दिसू शकत नव्हती, त्यांतलाच हा एक. इथे आकड्याने मोठं काम केलं: त्याने प्रथिनाचा संबंध यकृताशी जोडून दिला. ते प्रथिन म्हणजे आजची एचबीएसएजी चाचणी. ब्लमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल मिळालं. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस, म्हणूनच जागतिक हिपॅटायटिस दिन त्या दिवशी असतो.

हिपॅटायटिस बी समजून घेताना एक गोष्ट पक्की करा. हा विषाणू यकृताच्या पेशीला थेट मारत नाही. पेशी मरतात त्या आपल्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याने. लागण झालेली पेशी ओळखायची आणि संपवायची, हे आपल्या पांढऱ्या पेशींचं काम. म्हणून एसजीपीटी वाढतो तो शत्रू किती आहे यावर अवलंबून नसतो. लढाई किती पेटली आहे यावर असतो.

चाकणच्या संग्रामदुर्गाची गोष्ट इथल्या मुलालाही ठाऊक आहे. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या फौजेसमोर पन्नासहून अधिक दिवस किल्ला लढवला. तोफांचा आवाज रोज होता. पण किल्ल्याचा घात केला तो आवाजाने नाही. जमिनीखालून खणलेल्या भुयाराने केला. भुयार खणलं जात असताना वर ऐकू काही येत नव्हतं. मग सुरुंग उडाला आणि बुरूज कोसळला.

जन्माच्या वेळी आईकडून ज्या बाळाला हिपॅटायटिस बी मिळतो, अशा दहांतल्या नऊ बाळांत तो कायमचा राहतो. मोठेपणी लागण झालेल्यांत हे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी. लहानपणी लागण झालेल्या माणसात प्रतिकारशक्ती वर्षानुवर्षं विषाणूकडे डोळेझाक करते. विषाणू भरपूर, लढाई नाही, एसजीपीटी २८. आपला पेंट शॉपमधला मुलगा आठवला? त्याचा किल्ला शांत होता, एवढंच त्या कागदावर लिहिलेलं होतं.

हिपॅटायटिस सीची गोष्ट याहून वेगळी. १९७५ मध्ये अमेरिकेत हार्वे ऑल्टर आणि सहकाऱ्यांना दिसलं, की रक्त चढवलेल्या काही रुग्णांचा एसजीपीटी वाढतो, पण ‘ए’ नाही, ‘बी’ही नाही. १९८९ मध्ये ह्यूटन आणि सहकाऱ्यांनी विषाणूचा जनुकीय तुकडा पकडेपर्यंत चौदा वर्षं या आजाराची ओळख म्हणजे जवळजवळ तो वाढलेला आकडाच होता. १९८६-८७ पासून अमेरिकेतल्या रक्तपेढ्यांनी एसजीपीटी वाढलेलं रक्त बाजूला काढायला सुरुवात केली, कारण दुसरं साधनच नव्हतं. त्याने काही माणसं वाचली, आणि कित्येक निरोगी दात्यांचं रक्त वाया गेलं. खरी चाचणी आल्यावर ही काठी बाजूला ठेवता आली. भारतात रक्तपेढ्यांना हिपॅटायटिस सीची चाचणी सक्तीची झाली ती २००१ मध्ये.

परजीवींची वेगळी भाषा

इथपर्यंत विषाणू झाले. आता यकृतात शिरणाऱ्या परजीवींकडे बघू. इथे आकडा आणखीच फसवतो.

आपल्याकडे सगळ्यांत ओळखीचा म्हणजे अमिबा. आतड्यातून रक्तावाटे यकृतात जातो आणि तिथे गळू करतो. बहुधा उजव्या भागात, बहुधा तरुण पुरुषांत. ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, खांद्यापर्यंत जाणारी कळ. आत चॉकलेटी रंगाचा पू. आणि एसजीपीटी? बरेचदा नॉर्मल किंवा थोडासा वाढलेला. वाढलेल्या सापडतात त्या पांढऱ्या पेशी आणि अल्कलाइन फॉस्फेटेज हे दुसरं एन्झाइम. कारण सोपं आहे: विषाणूच्या आजारात सगळ्या यकृतभर पेशी मरतात, गळवात एका जागी खड्डा पडतो, बाकीचं यकृत शाबूत असतं. १९१२ मध्ये कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी एमेटिनची इंजेक्शनं वापरून या आजारातले मृत्यू कमी केले. १९६० च्या दशकात मेट्रोनिडाझोल आलं आणि उपचार गोळ्यांवर आला. आज सोनोग्राफीत गळू लगेच दिसतं. पण ‘एसजीपीटी नॉर्मल आहे, गॅस झाला असेल’ म्हणून परत पाठवलेला माणूस आठ दिवसांनी गळू फुटून येऊ शकतो.

दुसरा परजीवी हायडॅटिड. कुत्रा आणि मेंढी यांच्यामध्ये फिरणारा हा फीतकृमी माणसाच्या यकृतात पाण्याची गाठ करतो. ती वर्षानुवर्षं वाढते आणि एन्झाइम जागचं हलत नाही.

तिसरा शिस्टोसोमा. हा आपल्याकडचा नाही असं मानलं जाई. पण १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात त्याचं केंद्र दाखवलं. तिथला प्रकार मूत्रमार्गाचा, लघवीतून रक्त जाणारा. याच्या भाऊबंदांपैकी एकाची अंडी इजिप्तमध्ये यकृतात जाऊन अडकतात. कैरोच्या सिमर्स यांनी १९०४ मध्येच तसल्या यकृताचं वर्णन केलं होतं: शिरांभोवती चिलमीच्या नळीसारखे जाड पांढरे पट्टे. या आजारात यकृतात रक्त शिरायची वाट अडते, प्लीहा वाढते, रक्ताच्या उलट्या होतात, आणि एसजीपीटी जवळपास नॉर्मल असतो. पेशी मरत नाहीत, वाट बुजते.

आणि इथेच परजीवी आणि विषाणू यांची गाठ पडते. इजिप्त सरकारने १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत शिस्टोसोमाविरुद्ध मोठी मोहीम चालवली. औषध शिरेतून द्यावं लागे, एकेका माणसाला अनेक इंजेक्शनं. काचेच्या सिरिंजा, घाईत उकळलेल्या, पुन्हा पुन्हा वापरलेल्या. हेतू चांगला, औषध गुणकारी. पण त्या सुयांतून हिपॅटायटिस सी गावोगाव पोचला. इजिप्त जगात सर्वाधिक हिपॅटायटिस सी असलेल्या देशांत गेलं, त्यामागे हे मोठं कारण होतं. ब्रेमेनच्या कारखान्यात घडलं तेच इथे साऱ्या देशात घडलं. आणि हे आपल्याला दूरचं वाटू नये. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा भागात हिपॅटायटिस बीची साथ आली, तेव्हा मुळाशी पुन्हा वापरलेल्या सुयाच निघाल्या. ‘एक सुई मारा, म्हणजे लगेच बरं वाटेल’, हे आपल्याकडचं वाक्य त्यासाठी तपासून घ्यायला हवं.

कारखान्यातला आकडा

आता परत चाकणला. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत कळवण्याजोग्या रोगांची यादी होती. तिच्यात ‘विषारी पदार्थांमुळे होणारी कावीळ’ हा रोग होता. म्हणजे कारखाना आणि यकृत यांचा संबंध कायद्याने पहिल्यापासून ओळखला होता. कार्बन टेट्राक्लोराइड, धातूवरचं तेल काढायला वापरायचं ट्रायक्लोरोइथिलीन, कृत्रिम चामड्याच्या कामातलं डायमिथाइलफॉर्मामाइड, ही यकृताला बाधणारी द्रावणं. त्या कायद्याचा रोख असा होता, की कामगाराचं यकृत बिघडलं तर कामाची जागा तपासा. शिबिरात मात्र उलट झालं: आकडा वाढला तर कामगार बदला.

पहिल्या कागदावरच्या हमालाचं काय झालं, तेही आता कळेल. एसजीओटी स्नायूंतही असतं, थोडं एसजीपीटीही असतं. दिवसभर ओझी उचलली की स्नायूंतून ते रक्तात येतं. त्याच्या आकड्यांत एसजीओटी जास्त आणि एसजीपीटी कमी होता, ही खूण होती. सीके नावाची स्नायूंची एक चाचणी केली असती तर उलगडा झाला असता. एसजीओटी रक्तात साधारण सतरा तासांत निम्मं होतं, एसजीपीटीला जवळपास दोन दिवस लागतात. म्हणून आठवड्याची विश्रांती पुरली. शिवाय मांडवात उन्हात ठेवलेल्या नळीतल्या तांबड्या पेशी फुटल्या, तरी एसजीओटी खोटं वाढतं. दारू, चरबी, वजन, काही औषधं, ही कारणं आणखी वेगळी.

आणि ती ४० ची रेघ? ती देवाने आखलेली नाही. पूर्वी ज्या ‘निरोगी’ माणसांवरून ती ठरली, त्यांत यकृतात चरबी असलेले आणि न सापडलेले हिपॅटायटिसवालेही होते. २००२ मध्ये इटलीत प्राती आणि सहकाऱ्यांनी धोके नसलेले रक्तदाते निवडून पुन्हा मोजलं. पुरुषांसाठी ३० आणि स्त्रियांसाठी १९, अशी रेघ त्यांनी सुचवली. आता सांगा, ३५ एसजीपीटी असलेली बाई नॉर्मल की कशी? उत्तर कोणत्या रेघेजवळ उभं राहून बघता, त्यावर आहे.

मग आकडा टाकाऊ आहे का? मुळीच नाही. एकटा वाचू नये, एवढंच. एसजीओटी आणि प्लेटलेट यांची सांगड घालून यकृत किती वाळलं असेल याचा अंदाज देणारी एप्री ही पद्धत २००३ ची. वय आणि एसजीपीटी त्यात घालणारी फिब-फोर २००६ ची. दोन्हींना नवं मशीन लागत नाही. रोजच्याच रिपोर्टमधले आकडे आणि थोडा हिशेब.

शेवटी, त्या दोघांकडे

पेंट शॉपमधल्या मुलाचं पुढे बरं झालं, ते सांगून संपवतो. बायकोची तपासणी वेळेत झाली होती, म्हणून बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बीची लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनही मिळालं. बाळ सुरक्षित आहे. मुलगा स्वतः दर सहा महिन्यांनी तपासणीला जातो. त्याला अजून औषधाची गरज पडलेली नाही. ही लस देशभरच्या बालकांच्या लसीकरणात २०११ पर्यंत पोचली. म्हणजे आज आपल्या पट्ट्यात कामाला लागलेल्या बहुतेक तरुणांना ती सरकारी कार्यक्रमात लहानपणी मिळालेली नाही. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात सरकारी दवाखान्यांतून ‘बी’ आणि ‘सी’ची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. ‘सी’ तर बहुतेकांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो.

एकच गोष्ट त्याने अजून केलेली नाही: कंपनीत कुणाला सांगितलेलं नाही. त्याची भीती खोटी नाही. एचआयव्ही असलेल्यांना भेदभावापासून संरक्षण देणारा २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. हिपॅटायटिस बीसाठी तसा स्वतंत्र कायदा नाही. वास्तविक हा विषाणू कँटीनच्या ताटातून, पाण्याच्या ग्लासातून, एकाच मशीनवर काम केल्याने किंवा शेजारी बसल्याने पसरत नाही. रक्त, सुई, वस्तरा, शरीरसंबंध, आणि आईकडून बाळाला, एवढ्याच त्याच्या वाटा आहेत.

तेव्हा मंडळी, पुढच्या शिबिरात कागद हातात आला, तर तीन प्रश्न विचारा. हा आकडा कशामुळे वाढला असेल, की काल मी काय काम केलं होतं? हा आकडा नॉर्मल आहे, पण एचबीएसएजी आणि हिपॅटायटिस सीची चाचणी माझी आयुष्यात एकदा तरी झाली आहे का? आणि तिसरा प्रश्न शिक्का मारणाऱ्याला: साहेब, हा कागद माझ्या तब्येतीसाठी आहे, की माझ्या जागेसाठी?

आज इतकंच. प्रश्न असतील तर आता घेऊ.